लिफ्टवाल्याच्या पोशाखाबाबत सुनेचा जबाब

मी, या जबाबाच्या शेवटी सही करणारी, वय ३४ वर्षे, काम चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवणे, राहणार बेकरीच्या वरचा दुसरा मजला, उजवीकडचे दार, आज रविवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर माझ्या सासूबाईंसोबत राहते. त्यांचे वय ६१. माझे पती जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला असून वर्षातून दोनदा घरी येतात. सध्या ते समुद्रावर आहेत. माझे सासरे एका लिफ्ट दुरुस्ती कंपनीत मेकॅनिक होते. माझ्या लग्नाआधी चार महिने ते वारले. मी त्यांना फोटोतच पाहिले आहे.

सासूबाईंशी माझे संबंध कसे आहेत असे विचारल्यावरून सांगते की, आमच्यात भांडण नाही. बोलणेही फारसे नव्हते. मी सकाळी नऊला जाते, संध्याकाळी सातला येते. दूध आले, गॅस संपत आलाय, किल्ली खिळ्याला लावली आहे, एवढ्यावर तीन वर्षे गेली. त्या कधी टोचून बोलल्या नाहीत, मीही उलटून बोलले नाही. दोन पाहुण्या एका घरात राहाव्यात तसे होते.

टीव्हीवर रोज साडेआठला ‘चौथा मजला बंद आहे’ ही विनोदी मालिका लागते. एका इमारतीत लिफ्ट कायम बंद असते, एवढीच तिची गोष्ट. लिफ्टवाला हळूभाऊ खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन दिवसभर जिन्यात बसून असतो आणि त्याची बायको पिशवीताई दोन्ही हातांत सामान घेऊन चार मजले चढत त्याला बोलत असते. लिफ्ट कधी सुरू होणार असे कोणी विचारले की हळूभाऊ म्हणतो, “चालू आहे, फक्त हलत नाही.” मी ही मालिका माझ्या खोलीत मोबाइलवर बघत असे आणि सासूबाई बाहेर टीव्हीवर. एके दिवशी दोन्हीकडे एकाच वाक्याला हसू फुटले आणि भिंतीपलीकडून एकमेकींना ऐकू आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेआठला माझे दार वाजवले आणि म्हणाल्या, “अगं, वीज दोनदा कशाला जाळायची? बाहेर ये.” तेव्हापासून आम्ही एकत्र बघतो.

मला मुद्द्यावर येण्यास सांगण्यात आले. येते. पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली होती, की हॅलोविननिमित्त शनिवारी संध्याकाळी सहा वाजता चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात जोड्यांची वेशभूषा स्पर्धा आहे, वेश घरीच बनवलेला असावा, विकतचा किंवा भाड्याचा चालणार नाही. मी ती सूचना घरी सहज सांगितली. नवरा समुद्रावर, तेव्हा माझा काही संबंध नाही अशाच सुरात सांगितली. सासूबाई भांडी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “नवरा-बायको लिहिलंय का?” मी म्हटले, नाही, जोडी लिहिलंय. त्या म्हणाल्या, “मग जोडी म्हणजे दोन. आपण दोन आहोत.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “हळूभाऊ मी होते. तुझ्या तोंडाला मिशी शोभायची नाही.”

त्यानंतरचे नऊ दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. मी दुकानातून धावत घरी येत होते. पिशवीताईच्या केसांतल्या गुंडाळ्या आम्ही कागदी नळ्यांना चंदेरी वेष्टण चिकटवून केल्या. तिचा झगा जुन्या पडद्याचा. तिच्या पिशवीतून कायम कोबीचा गड्डा खाली पडतो, तो हिरव्या मोज्यांत कापूस कोंबून केला आणि पाच वेळा तरी जिन्यावरून टाकून पाहिला, नीट गडगडतो का ते. हळूभाऊची मिशी रंगाच्या ब्रशची. सासूबाई ती लावून बेकरीत पाव आणायला गेल्या आणि बेकरीवाल्याने त्यांना ओळखले नाही. वर येऊन त्या जिन्यातच खाली बसून हसत होत्या. त्यांना असे हसताना मी आधी पाहिले नव्हते.

पोशाखाबाबत विचारल्यावरून सांगते की, हळूभाऊचा करडा डगला-पाटलोण एकत्र असलेला पोशाख पडद्यातून जमेना. तेव्हा पाचव्या दिवशी सासूबाईंनी पलंगाखालची पेटी ओढली आणि सासऱ्यांचा कामाचा पोशाख काढला. खिशावर कंपनीचा बिल्ला शिवलेला होता. तो त्यांनी माझ्यासमोर ब्लेडने एक एक टाका उसवून काढला व त्या जागी मालिकेचे नाव भरून शिवले. जुन्या बिल्ल्याची जागा गडद राहिली आहे, कारण तिथले कापड उन्हाने विटले नव्हते. ती आजही दिसते. पोशाख पिशवीतून आणून हजर केला आहे. तेव्हा कंपनीचा गणवेश घातला होता, हे कंपनीने सासूबाईंविरुद्ध दिलेल्या तक्रारीतले म्हणणे बरोबर नाही. त्यावर कंपनीचे काहीही नव्हते.

पोशाखाचे बाही-पाय आखूड करावे लागतील म्हणून मी टाचण्या घेऊन बसले होते. फोटोत सासरे दारापेक्षा जरासेच बुटके दिसतात. पण पोशाख सासूबाईंना बरोबर बसला. मी टाचण्या परत डबीत ठेवल्या. त्यावेळी मी काही विचारले नाही.

हत्यारांच्या पिशवीत मी वर्तमानपत्राचे बोळे भरले होते. ते त्यांनी काढून टाकले आणि पेटीतली खरी हत्यारे आणि कामाचे हातमोजे भरले. म्हणाल्या, “रिकामी पिशवी खांद्यावर खोटी दिसते. वजन असलं की खांदा आपोआप पडतो, तो मुद्दाम पाडायला लागत नाही.” त्या हत्यारांतच लिफ्टचे दार बाहेरून उघडण्याची तीनकोनी किल्ली होती. ती काय आहे हे मला शनिवारपर्यंत माहीत नव्हते.

शनिवारी पाच चाळीसला आम्ही वाचनालयात पोहोचलो. आम्ही लिफ्टने गेलो नाही. हळूभाऊ आणि पिशवीताई लिफ्टने वर गेले तर सोंग काय राहिले? आम्ही जिन्याने निघालो. आमच्या मागून वाचनालयाचे जुने पुस्तकबांधणीवाले काका व त्यांच्या पत्नी आल्या. दोघेही भुते झाले होते. पांढऱ्या चादरी, डोळ्यांना भोके. ते आधी एकदा वर जाऊन आले होते व विसरलेला कंदील न्यायला पुन्हा खाली उतरले होते. ते दोघे लिफ्टमध्ये शिरले. काकांनी चादरीच्या आतून आम्हाला विचारले, “काय हळूभाऊ, लिफ्ट पोचवेल ना?” सासूबाई म्हणाल्या, “भुतांना कशाला लिफ्ट?” सगळे हसले आणि दार लागले.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर टेकलो, कारण पिशवी खरोखर जड होती. जिन्यात वीस-पंचवीस माणसे जमली होती. आमच्याभोवती गर्दी झाली. कोबी दोनदा खाली गडगडला आणि लोकांनी तो हातोहात वर पोचवला. मी इतकी खूश होते की माझा घसा बसला होता. वाचनालयाच्या कारकून बाई मोडक्या छत्र्यांच्या कापडाचे पंख लावून वटवाघूळ झाल्या होत्या. त्यांनी मोठ्याने विचारले, “हळूभाऊ, लिफ्ट कधी सुरू होणार?” सासूबाई म्हणाल्या, “चालू आहे, फक्त हलत नाही.” आणि नेमकी त्याच क्षणी लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजली.

लोक हसून हसून भिंतीला टेकले. त्यांना वाटले की हे आम्ही ठरवून केले आहे. आतून पुस्तकबांधणीवाल्या बाईंचा आवाज आला, “अहो, कोणी आहे का, आम्ही अडकलोय.” तेव्हा तर टाळ्या पडल्या, कारण आत भुते होती. बाई जितक्या ओरडत होत्या तितके लोक हसत होते. मीही हसत होते. हे मला लिहून द्यायचे आहे. मीही हसत होते.

सासूबाई हसत नव्हत्या. त्या दाराला कान लावून उभ्या होत्या. मग त्या हळूभाऊच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, “गप्प बसा सगळे.” जिना गप्प झाला. तेव्हा आम्हाला ऐकू आले. बाईंच्या आवाजाच्या मागे काका श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

बाई आतून म्हणाल्या, “ह्यांना दमा आहे. पंप माझ्या पर्समध्ये आहे आणि पर्स वर खुर्चीवर राहिलीय. ह्या चादरींना खिसे नाहीत हो.”

त्यावेळी पाच बावन्न झाले होते. माझ्या मनगटावर घड्याळ होते म्हणून वेळा बरोबर सांगत आहे. कारकून बाईंनी लिफ्टवर लिहिलेल्या नंबरावर फोन केला. मेकॅनिक दुसऱ्या कामावर आहे, दीड तास लागेल असे उत्तर आले. अग्निशमन दलाला फोन केला. त्यांनी गाडी निघते, पण अर्धा तास तरी धरा असे सांगितले. रुग्णवाहिकेलाही कळवले. दोन तरुण मुले दारात बोटे घालून ते ओढू लागली. सासूबाईंनी त्यांचे हात धरून बाजूला केले. “गाडी दोन मजल्यांच्या मध्ये आहे. दार उघडलंत तर समोर भिंत आणि खाली खड्डा. कुणी हात लावायचा नाही.” लिफ्टच्या खोलीला त्या गाडी म्हणतात.

मी चौथ्या मजल्यावर पळत जाऊन पर्समधून पंप काढून आणला व कारकून बाईंच्या हातात दिला. माझी एक चप्पल जिन्यात राहिली. सासूबाई तोवर आत बोलत होत्या. “वहिनी, काकांना खाली बसवा. पुढे झुका म्हणावं, हात गुडघ्यांवर. चादर काढा आधी. दिवा जाईल, घाबरायचं नाही, तो मी घालवणार आहे. गाडी हळूहळू हलेल, तीही मीच हलवणार आहे. कळलं का?” आतून बाई म्हणाल्या, “कोण बोलतंय?” सासूबाई म्हणाल्या, “बेकरीच्या वरची.”

तक्रारीत त्यांनी मेकॅनिक असल्याचे खोटे सांगितले असे म्हटले आहे. त्याबद्दल सांगते की, गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. तो वर धावत आला आणि म्हणाला, “साहेब, बरं झालं, लवकर आलात.” सासूबाई फक्त “किल्ली” एवढेच म्हणाल्या. त्याने किल्ली दिली. मी मेकॅनिक आहे किंवा कंपनीकडून आले आहे असे त्या कोणालाही, कधीही म्हणाल्या नाहीत. पंप आणायला गेले तेवढे सोडून मी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होते.

सहा वाजून चार मिनिटांनी आम्ही यंत्राच्या खोलीत शिरलो. खोली लहान आहे, तेलाचा वास होता. मी विचारले, “आई, तुम्हाला हे येतं?” त्या म्हणाल्या, “आधी मेन स्विच. बोलणं नंतर.” त्यांनी मेन स्विच बंद केला, तो कोणी चालू करू नये म्हणून माझ्या केसांतली एक गुंडाळी काढून दांड्यात अडकवली. मग मला मोटारीच्या टोकाचे लोखंडी चाक दाखवले. “हे एकट्याचं काम नाही. एकाने ब्रेक बघायचा, एकाने चाक. आत दोनच माणसं आहेत, गाडी हलकी आहे, पलीकडचं वजन जास्त. ती वरच जायला बघेल. जाऊ दे, पण पळू देऊ नको. दोरावर पिवळा पट्टा दिसेल. तो ह्या खुणेशी आला की तिसरा मजला. मी ‘हं’ म्हटलं की फिरव, ‘बास’ म्हटलं की थांब.”

मी म्हटले, “माझ्याने सुटलं तर?”

त्या म्हणाल्या, “सुटणार नाही. तू दिवसभर काचा धरतेस.”

सासूबाईंनी दोन्ही हातांनी दांडा दाबून ब्रेक सोडून धरला व मी चाक फिरवले. चाक सुरुवातीला थंडगार होते. सासूबाई “हं” म्हणत, मी थोडे फिरवत असे, त्या “बास” म्हणत, आम्ही थांबत असू. चाक खरोखरच माझ्या हातातून पुढे जायला बघत होते, मोठ्या बाजारात लहान मूल हात ओढते तसे. किती वेळा हं आणि बास झाले ते मोजले नाही. त्यांची मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती आणि त्या एकटक दोराकडे बघत होत्या. पिवळा पट्टा आला. त्या म्हणाल्या, “बास. आता खाली.” आणि त्या माझ्या आधी जिना उतरल्या. एकसष्टाव्या वर्षी, ती पिशवी घेऊन.

सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे दार तीनकोनी किल्लीने उघडले. गाडी मजल्याला लागली होती, बोटभराचा फरक होता. काका खाली बसले होते, ओठ काळसर झाले होते. कारकून बाईंनी पंप दिला. त्यांनी दोनदा ओढला, मग थांबून पुन्हा दोनदा. जिन्यात इतकी माणसे होती पण कोणी हालत नव्हते. बऱ्याच वेळाने काकांनी मान वर केली, सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, “मिशी पडली तुमची.”

तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुस्तकबांधणीवाल्या बाई सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. अग्निशमन दल सहा एकतीसला आले, रुग्णवाहिका त्यानंतर. काका आज घरी आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते डॉक्टरांनाच विचारावे. त्यांच्या पत्नीने आज सकाळी आमच्या दाराशी येऊन जे सांगितले ते त्या स्वतः इथे येऊन सांगणार आहेत.

वाचनालयाची लिफ्टही सासऱ्यांच्याच कंपनीकडे आहे. तिचे सुपरवायझर सात पंचवीसला मेकॅनिकसोबत आले. त्यांनी स्विचच्या दांड्यात अडकवलेली गुंडाळी पाहिली, किल्ली पाहिली, पोशाख पाहिला आणि आवाज चढवला. “ही किल्ली कंपनीची आहे. परवाना नसलेल्या माणसाने यंत्राला हात लावला आणि आतल्यांचं बरंवाईट झालं असतं तर कोण जबाबदार?” त्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणत नाही. त्यांनी किल्ली कुठून आली असे विचारले, तेव्हा सासूबाईंनी सासऱ्यांचे नाव सांगितले. सुपरवायझर म्हणाले, “त्यांचं काम चोख होतं. शेवटची दोन वर्षं तर त्यांच्या एकाही इमारतीतून तक्रार आली नाही. पण म्हणून त्यांच्या घरच्यांनी कंपनीची किल्ली वापरायची नसते.”

सासूबाई हातमोजे काढत होत्या. एक बोट, मग दुसरे बोट, असे सावकाश काढत होत्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिले आणि मला टाचण्या परत ठेवल्याचे आठवले.

त्यांना हे काम कसे येते असे विचारल्यावरून सांगते की, काल घरी चालत जाताना त्यांनी मला ते सांगितले. मी ते इथे सांगणार नाही. ज्याचे त्याने सांगावे.

यावर हवालदारांनी मला सांगितले की, सासूबाईंचा जबाब शेजारच्या खोलीत नऊ वाजताच पूर्ण झाला असून त्यांनी सर्व स्वतःहून लिहून दिले आहे. त्यातला भाग मला वाचून दाखवण्यात आला. तो असा, की सासऱ्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना त्यांचे हात थरथरू लागले. पेचकस धरवेना. आधी सासूबाई पिशवी उचलायला म्हणून सोबत जाऊ लागल्या, ते शेजारी उभे राहून सांगत आणि त्या करत. पुढे त्यांना जिने चढवेनात. तेव्हा त्या पोशाख आपल्या मापाचा करून, केस टोपीत कोंबून एकट्या जाऊ लागल्या. दोन माणसांचे काम असले तरच ते सोबत येत. अकरा इमारती होत्या. कोणी ओळखले नाही का, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर असे लिहिले आहे: “लिफ्टवाल्याचं तोंड कोण बघतं? सगळे दाराकडे बघतात, कधी उघडतंय म्हणून.”

हे सर्व त्यांनी मला काल सांगितले तसेच आहे. त्यात मी एवढीच भर घालते की, संध्याकाळी घरी आल्यावर सासरे त्यांना प्रश्न विचारून दिवसभराचे काम तपासत आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी परत पाठवत. हे त्या सांगायला विसरल्या असाव्यात.

आज सकाळी अकराच्या सुमारास हा जबाब मध्येच थांबल्याने मी बाकावर बसलेली असताना सुपरवायझरही बाहेरच्या बाजूला बसले होते. त्यांना सासूबाईंचा जबाब वाचायला दिला गेला होता. ते उठून सासूबाईंजवळ आले. मी जे ऐकले ते शब्दशः सांगते.

ते म्हणाले, “धान्याच्या गोदामाची गाडी तुम्ही बघायचात?”

सासूबाई म्हणाल्या, “कुठली? पुढची की मागची?”

“मागची. जिच्या दाराचा रूळ घासायचा ती.”

“रूळ नव्हता घासत. खालच्या खाचेत दाणे जाऊन बसायचे. रूळ दोनदा बदलला तुमच्या लोकांनी, उगाच. मी तिथे एक ब्रश बांधून ठेवला होता, येता जाता खाच झाडायला.”

सुपरवायझर म्हणाले, “निळ्या दोरीने.”

“हो.”

“तो अजून आहे तिथे,” ते म्हणाले. मग ते त्यांच्या शेजारी बसले आणि दोघे अकरा इमारतींबद्दल बोलू लागले. कुठली गाडी थंडीत अडते, कुठल्या इमारतीतले लोक दारात खुर्ची अडकवून ठेवतात. सासूबाई हातवारे करून सांगत होत्या. सुपरवायझरांनी खिशातून वही काढली. हे पाऊण तास चालले. पाणी आणायला गेलेली शिपाई बाई पाण्याचा पेला घेऊन तशीच ऐकत उभी होती. त्यानंतर सुपरवायझर वरिष्ठांना फोन करून येतो असे सांगून बाहेर गेले. ते अजून परत आलेले नाहीत. तक्रार काय होणार ते मला माहीत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला तेव्हा चाक फिरवण्याच्या ठिकाणी “हजर असलेल्या एका इसमाने चाक फिरवले” असे लिहिलेले आढळले. हवालदार म्हणाले, “बाई, तक्रारीत तुमचं नाव नाही. कशाला ओढवून घेता? तुम्ही साक्षीदार आहात तेवढंच राहू द्या.” त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच लिहिले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते खरे नाही. ते काम एकट्याचे नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते शब्द खोडून “मी चाक फिरवले” असे केले आहे आणि खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. यात गुन्हा असेल तर तो दोघींचा मिळून लिहावा. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही


पुरवणी जबाब, तोच दिवस, दुपारी सव्वा वाजता

मी वरीलप्रमाणेच, पुन्हा विचारल्यावरून सांगते की, सुपरवायझर साडेबाराला परत आले. कंपनीला तक्रार पुढे चालवायची नाही असे त्यांनी लिहून दिले आहे. तीनकोनी किल्ली कंपनीला परत करावी एवढी अट घातली. सासूबाईंनी किल्ली सहीनिशी त्यांच्या हातात दिली. देताना म्हणाल्या, “हिचा एक कोपरा झिजलाय. डावीकडे थोडी दाबून फिरवायची.” बुधवारी दोन नवीन कामगार घेऊन सुपरवायझर आमच्या घरी येऊ का असे विचारत होते. सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी साडेआठच्या आत आवरत असेल तर या.

पोशाख व हत्यारांची पिशवी आम्हाला परत मिळाली. सासूबाईंनी पोशाख इथेच टेबलावर पसरून घडी घातली.

वाचनालयाने कालची स्पर्धा अर्धवट राहिल्याने ती येत्या शनिवारी पुन्हा ठेवली आहे, व आम्ही स्टेजवर गेलेलोच नसल्याने आमचा क्रमांक कायम आहे. याची इथे नोंद करण्याची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी नोंद करण्यास सांगितले. मला नवीन चप्पल आणि मिशीसाठी नवीन ब्रश घ्यायचा आहे. माझ्या पतींना जहाजावर अजून यातले काही कळवलेले नाही. आज रात्री दोघी मिळून फोन करणार आहोत. कोण आधी बोलणार यावरून सकाळपासून आमची वादावादी चालू आहे.

हे दोन्ही जबाब हवालदारांनी सुरुवातीपासून मोठ्याने वाचले. ऐकायला सासूबाईही माझ्या शेजारी बसल्या होत्या. शेवटी त्यांनी एकच हरकत घेतली. “ब्रेक लावून धरला असं लिहिलंय. ब्रेक आपोआप लागलेलाच असतो, मी तो सोडून धरला. लावून धरला असता तर तिला चाक हलवता आलंच नसतं. एवढं नीट करा.” त्याप्रमाणे दुरुस्ती केली असून तिच्याशेजारी त्यांची सही आहे. आता दोघींच्या मते सर्व बरोबर आहे.

सही (सून)
सही (सासू)